पेसमेकरनंतरचा व्यायाम : हात किती दिवस जपायचा, दम लागला तर काय विचारायचं

पेसमेकर बसवून घरी निघताना हातात जे कागद पडतात, त्यांत व्यायामाबद्दल बहुधा एकच ओळ असते : 'जड वस्तू उचलू नये, हात वर करू नये.' जड म्हणजे किती, हात कोणता, हे किती दिवस पाळायचं आणि त्यानंतर काय, याचा त्या ओळीत पत्ता नसतो. मग जो तो आपापला अर्थ लावतो. कुणी वर्षभर डावा हात पोटाशी धरून ठेवतो आणि खांदा आखडून बसतो. कुणी बाराव्या दिवशी स्कूटर डबल स्टँडवर चढवतो. आणि कुणी नेमाने फिरायला जातो, पण चढ आला की पाय जड होतात, दम लागतो. तरी 'आता हृदयच यंत्रावर चालतंय, एवढं तर होणारच' असं म्हणून गप्प राहतो.

या गप्प राहणाऱ्यांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. पेसमेकर असताना व्यायामात लवकर दम लागत असेल, तर पुष्कळदा यंत्राचं सेटिंग बदलून तो त्रास कमी करता येतो. त्यासाठी चिरा द्यावा लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. पण बदल हवा आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय तपासणाऱ्याला कळत नाही.

आधी ओळखपत्र काढून पाहा

आपल्याकडे छातीत बसवलेल्या कोणत्याही यंत्राला 'पेसमेकर' म्हणायची सवय आहे. यंत्रासोबत मिळालेल्या ओळखपत्रावर नेमका प्रकार लिहिलेला असतो, तो पाहून ठेवा.

- साधा पेसमेकर : ठोके मंद झाले की आधार देतो. या लेखातलं बहुतेक सगळं याच्यासाठी आहे.
- आयसीडी : ठोके जीवघेण्या वेगाने धावू लागले तर शॉक देऊन ते थांबवतो. यात व्यायामाला वरची एक मर्यादा असते. कोणत्या वेगाला यंत्र शॉकच्या तयारीला लागतं तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि व्यायामातले ठोके त्याच्या बरेच खाली, साधारण १० ते २० ठोके खाली, राहतील असं बघा.
- सीआरटी : हृदयाची ताकद कमी असलेल्यांना बसवतात. व्यायाम यांनाही हवाच, पण सुरुवात डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्हावी.
- तारांविना पेसमेकर : हा जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात बसवतात. छातीवर जखम नसते, त्यामुळे खालचे हाताचे नियम याला लागू नाहीत. सुरुवातीचे दिवस जांघ जपायची असते.

पहिले सहा आठवडे : जपायचं ते तारांना

कॉलरबोनच्या खाली, बहुधा डाव्या बाजूला, त्वचेखाली यंत्राची डबी असते. तिच्यातून निघालेल्या एक किंवा दोन तारा शिरेतून हृदयापर्यंत जातात. त्यांची टोकं हृदयाच्या आतल्या भिंतीत पक्की व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खांद्याला जोरात हिसका बसला तर टोक सरकू शकतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. सगळी बंधनं या एका कारणासाठी आहेत, आणि ती फक्त यंत्राच्या बाजूच्या हाताला आहेत.

या काळात त्या हाताने हे टाळा :

- कोपर खांद्याच्या वर नेणं. दोरीवर कपडे वाळत घालणं, माळ्यावरून डबा काढणं, लोकलमध्ये वरची कडी धरणं, डोक्यावरून सदरा काढणं यांत हे नकळत होतं. पुढून बटणं असलेले कपडे वापरा.
- चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन. पाच लिटरचा भरलेला कॅन म्हणजे पाच किलो. भरलेली घागर, बादली, नातवंड हे सगळं याच्या वर जातं. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, लोखंडाचं वजन वेगळं. तो सरकवूही नका.
- ढकलणं आणि ओढणं. हापसा, विहिरीचा दोर, चादरी पिळणं, कपाट सरकवणं, दुचाकी डबल स्टँडवर घेणं.
- खुर्चीतून किंवा पलंगावरून त्याच हातावर सगळा भार टाकून उठणं.

आता दुसरी बाजू, जी कागदावर क्वचितच लिहिलेली असते. हात बांधून ठेवू नका. पहिल्या एक-दोन दिवसांनंतर झोळी दिवसभर घालायची सहसा गरज नसते. कोपर वाकवा, मनगट फिरवा, खांदे हलकेच वर-खाली करा, जेवताना, भांग पाडताना, दात घासताना हात वापरा. कोपर खांद्याच्या खाली आहे तोवर या हालचाली चालतात. हात अजिबात न हलवल्याने आखडलेला खांदा सुटायला महिने लागतात, आणि तो त्रास पेसमेकरने दिलेला नसतो, भीतीने दिलेला असतो.

चालायला मात्र सहा आठवडे थांबायचं कारण नाही. दुसरा आजार आडवा येत नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घरी आल्यापासूनच सपाटीवर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा चाला. दर दोन-तीन दिवसांनी थोडी मिनिटं वाढवा. महिन्याभरात सलग अर्धा तास चालता आलं तर उत्तम. नाही आलं तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात.

जखम डॉक्टर सांगतील तोवर, साधारण आठवडा ते दहा दिवस, कोरडी ठेवा. त्या जागी तेल लावू नका, मालिश नको, आणि डबी बोटांनी चाचपून फिरवण्याचा चाळा तर कधीच नको. सतत फिरवल्याने तारा गुंडाळल्या जाऊन टोक निसटतं.

बॅटरी संपल्यावर फक्त डबी बदलली असेल तर तारा जुन्या आणि मुरलेल्या असतात. तेव्हा सहसा जखम भरेपर्यंतच काळजी पुरते. पण नवी तार टाकली का हे विचारून घ्या. टाकली असेल तर सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

ठोके मोजायचे, पण आकड्यामागे धावायचं नाही

'२२० वजा वय' हे सूत्र अनेकांना पाठ असतं. तुमच्यासाठी ते विसरा. तुमचे ठोके यंत्र ठरवत असेल तर ते यंत्राच्या सेटिंगनुसार वाढतात, वयानुसार नाही. शिवाय मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर हृदयाचा स्वतःचा वेगही दबलेला असतो.

त्याऐवजी बोलून बघा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. सहज गाता येत असेल तर थोडा वाढवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं अशा मध्यम व्यायामाची शिफारस करते. पेसमेकर आहे म्हणून हा आकडा आपोआप कमी होत नाही.

दम लागतोय? मग हे वाचाच

निरोगी माणूस जिना चढू लागला की त्याचे ठोके आपोआप वाढतात. ज्यांच्या हृदयात ही वाढ होत नाही त्यांच्यासाठी पेसमेकरमध्ये एक संवेदक असतो. तो शरीराची हालचाल ओळखून ठोके वाढवतो. या सोयीला 'रेट रिस्पॉन्स' म्हणतात. ती प्रत्येकाला लागत नाही. पण ज्यांना लागते त्यांच्या यंत्रात ती बंद असू शकते, किंवा मंद ठेवलेली असू शकते. ओळखपत्रावर किंवा तपासणीच्या कागदावर 'डीडीडीआर', 'व्हीव्हीआयआर' अशी अक्षरं असतात. शेवटचा 'आर' म्हणजे यंत्रात ही सोय आहे; ती चालू आहे का हे तपासणीच्या कागदावरून कळतं.

पुढच्यापैकी काही तुमच्या बाबतीत घडतंय का पाहा.

*चालायला लागल्यापासूनच थकवा, आणि नाडी ६०-७० वरच.* दहा मिनिटं भरभर चालून लगेच थांबा आणि मनगटावर ३० सेकंद नाडी मोजून दुप्पट करा. बसलेलं असताना जेवढी होती तेवढीच निघाली तर रेट रिस्पॉन्स बंद किंवा मंद असण्याची शक्यता आहे. ते चालू करण्याबद्दल विचारा.

*सपाटीवर ठीक, पण जिना चढताना किंवा जिममधल्या सायकलवर त्रास.* बऱ्याच यंत्रांतला संवेदक अंगाला बसणारे हादरे ओळखतो. चालताना हादरे बसतात. एका जागच्या सायकलवर छाती जवळजवळ स्थिर राहते, म्हणून पाय कष्ट करत असले तरी यंत्राला ते कळत नाही. जिना उतरताना तर चढतानापेक्षा जास्त हादरे बसतात, त्यामुळे कष्ट कमी असूनही ठोके अधिक वाढू शकतात. संवेदक किती लवकर आणि किती प्रमाणात प्रतिसाद देतो हे बदलता येतं. तोवर सायकलपेक्षा चालणं निवडा.

*छान चालत असताना एका ठराविक वेगाला एकदम शक्ती गेल्यासारखं होणं.* हार्ट ब्लॉकसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत नीट न पोचणं) पेसमेकर बसवलेल्या, अंगाने तंदुरुस्त आणि विशेषतः तरुण माणसांत हे दिसतं. हृदयाचा वरचा कप्पा वेग वाढवत नेतो, यंत्र त्याच्यामागे खालच्या कप्प्याला ठोके देत जातं. पण यंत्राला वरची मर्यादा घालून दिलेली असते, अनेकदा १२० किंवा १३०. ती ओलांडली की काही ठोके गळतात. नाडी कधीकधी एकदम निम्म्यावर येते आणि पाय लुळे पडल्यासारखे वाटतात. ही मर्यादा तब्येतीनुसार वाढवता येते. धावणाऱ्या, ट्रेकला जाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसाने आपलं काम काय आहे हे आवर्जून सांगितलं पाहिजे.

*काही कष्ट नसताना छाती धडधडणं.* खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात किंवा एसटीत बसल्यावर हे होत असेल तर संवेदक जरा जास्त हळवा असेल. काही यंत्रं हादऱ्यांऐवजी श्वासाचा वेग ओळखतात. अशा यंत्राला कपालभाती किंवा भस्त्रिका म्हणजे जोरदार व्यायाम वाटतो आणि ते ठोके वाढवतं. घाबरू नका, पण प्राणायाम करता हे तपासणाऱ्याला सांगा. तोवर अनुलोम-विलोम आणि संथ, खोल श्वास यांवर थांबा.

*एकाच तारेचा पेसमेकर आणि मानेत ठोके उडाल्यासारखं, सोबत थकवा.* हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे एकमेकांच्या तालात नसले की असं होऊ शकतं. याचाही वेगळा विचार करावा लागतो.

यंत्रात दोष नसतानाही दम लागण्याची कारणं असतातच : रक्त कमी असणं, थायरॉइड, झडपांचा विकार, रक्तवाहिन्यांतला अडथळा, किंवा महिनोन्महिने बसून राहिल्याने गेलेली ताकद. म्हणून स्वतःच निदान करू नका. फक्त 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

कोणता व्यायाम, केव्हा

तारा पक्क्या झाल्या, पहिली तपासणी नीट झाली आणि डॉक्टरांनी होकार दिला की बंधनं फार थोडी उरतात.

निर्धास्त करा : चालणं, हलकं धावणं, सायकल, कमरेखालचे व्यायाम, हलक्या वजनांचे हाताचे व्यायाम, बहुतेक योगासनं. सूर्यनमस्कार दोन-तीनपासून सुरू करा. हातांवर भार येणाऱ्या स्थिती शेवटी घ्या. उजव्या हाताने खेळत असाल आणि यंत्र डावीकडे असेल तर बॅडमिंटन, टेबल टेनिसलाही सहसा हरकत नसते.

विचारून, बेताने करा : पोहणं (जखम पूर्ण भरल्यावर, एकट्याने कधीच नाही, हात डोक्यावरून फेकण्याच्या प्रकारांपेक्षा बेडूक पद्धत बरी), हातांवर तोललेली आसनं, जिममधली मध्यम वजनं, सिंहगडासारखे लांब चढ. महापालिकेच्या बागांतल्या ओपन जिममध्ये चालण्याचं आणि पायांचं यंत्र आधी वापरा. खांद्याचं चाक आणि छातीसमोर हातांनी ढकलायचं यंत्र तीन महिन्यांनंतर, तेही हलकेच.

टाळा : कबड्डी, कुस्ती, कराटे, जिथे डबीवर थेट फटका बसू शकतो. पुलअप्स, जड बेंचप्रेस आणि डोक्यावर जड वजन वारंवार उचलणं, कारण कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात तार दबून वर्षांनंतर तुटू शकते.

आपल्याकडच्या काही गोष्टींबद्दल वेगळं सांगायला हवं. वारी पायी करता येईल का? आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. तीन महिने होऊन गेले असतील, रोज काही तास चालण्याचा सराव असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तर पेसमेकर आडवा येत नाही. पिशवीचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घ्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन धरायला दुसरा हात वापरा. फुगडी मात्र नको : दोघी मागे झुकून एकमेकींना खेचतात तेव्हा सगळा ताण खांद्यांवर येतो. मंगळागौरीचे हात न ओढायचे खेळ आहेतच की. ढोलपथकात ढोलाचा पट्टा किंवा कड डबीवर घासत नाही ना हे पाहा, आणि तासन्‌तास वादन परवानगीशिवाय करू नका.

व्यायामाच्या आसपासचे धोके

मोबाइल यंत्राच्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नका. १५ सेंटिमीटर अंतर पुरे. ब्लूटूथ इअरफोनच्या डबीत चुंबक असतो, तीही त्या खिशात नको. हाताचं घड्याळ चालतं, पण ते छातीशी धरून झोपू नका. जिममध्ये शरीरातली चरबी मोजणाऱ्या काट्यावर उभे राहू नका. त्यात अंगातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडतात. काही स्मार्टवॉचमध्येही ही सोय असते, ती वापरू नका.

गुडघा किंवा कंबर दुखते म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा आत शिरल्याबरोबर पेसमेकरबद्दल सांगा. विजेचे झटके देऊन दुखणं कमी करणारी यंत्रं आणि डायथर्मीचा शेक यांनी पेसमेकरच्या कामात गडबड होऊ शकते. डायथर्मी तर घेऊच नये. हाताने करून घ्यायचे व्यायाम आणि गरम पाण्याची पिशवी चालते, फक्त पिशवी डबीवर ठेवू नका.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात फिरणं पहाटेच आटपा. लघवी होण्याची गोळी चालू असेल किंवा पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर व्यायामाच्या दिवशी किती प्यायचं हे विचारून ठेवा. जेवणानंतर दोन तास जड व्यायाम नको.

तिथल्या तिथे थांबा, दवाखाना गाठा

- चक्कर, अंधारी, शुद्ध हरपणं
- छातीत दाब किंवा कळ
- विसावा घेऊनही न थांबणारी धडधड किंवा दम
- नाडी यंत्रात ठरवलेल्या किमान ठोक्यांच्या बरीच खाली जाणं
- न थांबणारी उचकी, किंवा पोटाचा, छातीचा स्नायू ठोक्यागणिक उडणं
- यंत्राच्या बाजूच्या हाताला सूज, निळसरपणा
- डबीवर लाली, उष्णता, पू, ताप. डबीवरची कातडी पातळ होऊन ताणलेली दिसणं. हे महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं.
- आयसीडी असेल आणि शॉक बसला तर डॉक्टरांना कळवा. लागोपाठ शॉक बसले तर तातडीने रुग्णालयात जा.

तपासणीच्या दिवशी

पेसमेकरची तपासणी सुरुवातीला दोन-तीन महिन्यांत आणि पुढे साधारण सहा महिने ते वर्षाने होते. बऱ्याच ठिकाणी कंपनीचे तंत्रज्ञ येऊन यंत्र वाचतात. 'काही त्रास?' 'नाही.' एवढ्यावर तपासणी संपते. बसल्या जागी ठोके ठीक, बॅटरी ठीक, तारा ठीक. पण तुम्ही जिना चढताना काय होतं ते त्यात कळत नाही. म्हणून आधी दोन आठवडे वहीत लिहा : काय केलं, किती मिनिटांनी काय वाटलं, तेव्हा नाडी किती. आणि हे विचारा :

१. माझं यंत्र कशासाठी बसवलं? सगळे ठोके तेच देतं की अधूनमधून?
२. किमान आणि कमाल ठोके किती ठेवलेत?
३. रेट रिस्पॉन्स चालू आहे का? संवेदक हादऱ्यांचा की श्वासाचा?
४. मी इथल्या व्हरांड्यात चालून किंवा जिना चढून येतो, त्यानंतर पुन्हा बघाल का?
५. माझ्या कामाला, खेळाला काही हरकत?

चौथी विनंती करायला संकोचू नका. बदल केल्यानंतर तिथेच चालून पाहणं हा तो बरोबर आहे की नाही हे कळण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग आहे. गरज वाटली तर ट्रेडमिलवरची चाचणीही करतात.

नव्या सेटिंगचा छापील कागद मागून घ्या. उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, असं भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम सांगतात. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्यायचा हक्कही तुम्हाला आहे, आणि तो घेताना हाच कागद उपयोगी पडतो. पेसमेकर अजून बसायचा असेल तर आधीच सांगा की तुम्ही कोणत्या हाताने काम करता, काय खेळता; शक्य असेल तिथे यंत्र दुसऱ्या बाजूला बसवता येतं.

भीती अजूनही वाटत असेल त्यांच्यासाठी एक माहिती. शरीरात पूर्ण बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना बसवला गेला. त्यानंतर यंत्रं वीसहून अधिक वेळा बदलून ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले; त्यांची शस्त्रक्रिया करणारे ऑके सेनिंग आणि यंत्र घडवणारे रुने एल्मक्विस्ट हे दोघेही त्यांच्या आधी गेले. आजची यंत्रं त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहेत.

सहा आठवडे झाले असतील आणि तुम्ही अजून खुर्चीतच असाल, तर आज दहा मिनिटं चाला. आणि चालून दम लागत असेल, तर पुढच्या तपासणीत 'बरं आहे' एवढंच सांगून उठू नका.